जकार्डची कार्डं वाचताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी, रविवार

जकार्डच्या, म्हणजे मागावर बसवून नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कार्डांची एक पूर्ण गड्डी घरी आली. पुठ्ठ्याची ८३२ कार्डं, दोरीनं एकमेकांना ओवलेली, एका पोत्यात जेमतेम मावणारी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ओळखीच्या एका चादरींच्या कारखान्यात जुन्या मागांवरची यंत्रं उतरवून इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवायचं काम चालू आहे. माळ्यावर पडलेल्या गड्ड्या रद्दीच्या वजनावर जाणार होत्या. मालकांना म्हटलं, एक द्या, वाचून परत आणून देतो. ते म्हणाले, "वाचायला काय आहे त्यात? भोकंच आहेत की."

त्या भोकांतच अख्खी चादर आहे. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. मागाच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड सुयांच्या रांगेवर दाबलं जातं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक उचलणाऱ्या पात्यावर अडकून राहतो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर जातात. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे रेटतो, हूक पात्यावरून सुटतो, धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. मग पुढचं कार्ड. शेवटचं कार्ड झालं की पहिलं पुन्हा येतं, कारण गड्डी गोल बांधलेली असते.

मोजमाप घेतलं. हे ४०० हूकच्या यंत्राचं कार्ड आहे. आठ जागांची एक ओळ, अशा ५१ ओळी, म्हणजे ४०८ जागा. दोन्ही टोकांना खुंटीसाठी मोठी भोकं आणि दोरी ओवायची वेगळी. आठ जागा, भोक आहे किंवा नाही. संगणकाच्या भाषेत आठ बिट म्हणजे एक बाइट. एक कार्ड ५१ बाइटचं, पूर्ण गड्डी ४२,४३२ बाइटची. माझ्या फोनमधला एकेक फोटो याच्या शंभरपट जागा खातो.

हे गणित वहीत मांडलं आणि रात्री बराच वेळ जागा होतो. मी कॉलेजात बिट-बाइट शिकलो ते फळ्यावर. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे माणसं तेच हातानं पाडत होती, ओवत होती, फाटलं तर ठिगळ लावून दुरुस्त करत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अशा गड्ड्या शहरात अजून किती माळ्यांवर आहेत कोण जाणे, आणि रद्दीवाला रोज फिरतो. म्हणून हा प्रकल्प: गड्डीचे फोटो काढायचे, त्यातून बाइट काढायचे, बाइटमधून नक्षी परत उभी करायची.

८ जानेवारी, बुधवार

उजेडाची पेटी तयार. फॉल्स सीलिंगमध्ये बसवतात तो एलईडी पॅनेल खाली, त्यावर दुधी ॲक्रिलिकची शीट. शीटवर दोन लाकडी खुंट्या ठोकल्या, कार्डाच्या टोकाची मोठी भोकं त्यांत बसतात, त्यामुळे प्रत्येक कार्ड त्याच जागी येतं. माग जे करतो तेच. फोन वर स्टँडला उलटा. गड्डीची दोरी सोडावी लागत नाही, हा मोठा फायदा. डावीकडून सरकवायची, खुंटीवर बसवायची, फोटो, पुढे.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. फोटोवर आडवे करडे पट्टे येत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त पॅनेल सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सिद्धेश्वरांची यात्रा चालू आहे, नंदीध्वज निघालेत, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरलाय. कारखाने बंद, कार्डं पाडणारे गल्लीतले मामाही भेटायचे नाहीत. प्रकल्पाला सुट्टी. गड्ड्यातून भाच्याला घेऊन आलो, पाय दुखतायत.

१९ जानेवारी, रविवार

सगळ्या कार्डांचे फोटो झाले. आज प्रोग्रॅम लिहिला. पायथॉन भाषा, फोटो वाचायला ओपनसीव्ही, आकडेमोडीला नमपाय, बस्स. पायऱ्या अशा: खुंटीची दोन भोकं शोधायची, त्यावरून कार्ड सरळ करायचं, मग ५१ गुणिले ८ ची जाळी टाकून प्रत्येक जागेवरचा उजेड मोजायचा. उजेडाचा उंबरठा ओट्सूच्या पद्धतीनं ठरवला. म्हणजे उजळ आणि काळे ठिपके यांचे दोन गट करायचे, आणि दोन्ही गट आतून जास्तीत जास्त एकसारखे राहतील अशी सीमारेषा निवडायची. पुठ्ठा आणि उजेड यांत एवढा फरक असतो की काम जवळजवळ आपोआप होतं. जिथे भोकावर ठिगळाचा पातळ कागद आहे तिथे उजेड मधला पडतो. त्या जागा वेगळ्या यादीत टाकल्या.

एवढं झाल्यावर ८३२ ओळी एकाखाली एक रचून चित्र काढलं. भोक पांढरं, पुठ्ठा काळा. पडद्यावर आली ती नुसती वाळू. दूरून पाहिलं तर आत काहीतरी आकार आहे असं वाटतं, जवळ गेलं की दाणे. पण हे दाणे एकाच चालीनं पडलेत, त्यांत नियम आहे. तो माझ्याकडे नाही, ज्यांनी कार्डं पाडली त्यांच्याकडे आहे.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसातून आल्यावर वाचन. जेम्स एसिंजर यांचं 'जकार्ड्स वेब' (२००४) पुन्हा काढलं. जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास लियाँमध्ये यंत्र पूर्ण केलं, पण त्याच्या आधी त्याच गावात १७२५ मध्ये बुशाँनं कागदाच्या पट्टीवर आणि मग फाल्कननं कार्डांवर हाच विचार केला होता. नाव एकाचं राहिलं. पुढे लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिनाच्या, म्हणजे गणितं करणाऱ्या यंत्राच्या, आराखड्यात हीच कार्डं घेतली. त्याच्या घरी जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, ते विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. गणितज्ञ एडा लवलेसनं या इंजिनावरच्या १८४३ च्या टिपणांत लिहिलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे इंजिन बीजगणिताची नक्षी विणतं. मग हर्मन हॉलेरिथ, त्याच्या भोकांच्या कार्डांवर मोजलेली १८९० ची अमेरिकेची जनगणना, आणि तिथून आयबीएमचं ८० स्तंभांचं कार्ड.

पुस्तक चांगलं आहे, मी कुणालाही देईन. एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं पडतं. माग हा संगणकाचा पूर्वज आहे असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. गड्डीत 'जर असं असेल तर' हे कुठेच नाही. कार्डामागून कार्ड येतं, निर्णय कुठलाच होत नाही. निर्णयाची सोय बॅबेजनं विचारात घेतली, ती त्याची झेप. मागाची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते तितकीच मोठी: नक्षी कारागिराच्या हातातून काढून साठवता येते, दुसऱ्या मागावर नेता येते, वीस वर्षांनी पुन्हा चालवता येते. म्हणजे डेटा. भारतात कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये पहिला डिजिटल संगणक आला तेव्हा त्याचं केवढं अप्रूप झालं असेल. सोलापूरच्या पेठांत या साठवणीची सवय साध्या कामगारांनाही होती, आणि तिचं कुणाला अप्रूप वाटलं नाही.

(पुस्तकांच्या यादीत नोंद केली. स्प्रेडशीटमध्ये 'पुन्हा वाचलं' असा स्तंभ आहे, माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात खरा. गुणांचा स्तंभ मी मागेच काढून टाकला.)

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोठा.

मामांकडे गेलो. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, हिशेब कानडीत बोलतानाही ऐकलंय. उमेदीची सगळी वर्षं कार्ड पाडण्यात गेली. पियानो मशीन म्हणतात त्यावर: बोटांखाली कळा, पायाखाली पट्टी, समोर रंगवलेला ग्राफ. ग्राफवरची एक ओळ वाचायची, कळा दाबायच्या, पाय मारायचा, आठ जागांची एक ओळ पडली. लॅपटॉपवरची वाळू त्यांना दाखवली. चष्मा वर करून त्यांनी पडदा जवळ ओढला.

"हे असं सरळ बघायचं नाही की. चार-चार मोज."

"चार-चार म्हणजे कसं ओ मामा?"

"चार हुकांत एक भोक का तीन भोकं, एवढंच बघ. दोन रंगाचा ताणा आहे ना? दोन कापडं आहेत रे ती, एकावर एक."

आणि मला एकदम उमजलं. आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर, उलटली की पांढऱ्या जमिनीवर लाल. हे दुहेरी कापड आहे. दोन रंगांचे ताण्याचे धागे आलटून पालटून, दोन रंगांचे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागेही आलटून पालटून. वरचं कापड विणायचं तेव्हा चार धाग्यांपैकी वरच्या कापडाचा एकच धागा उचलायचा. खालचं कापड विणायचं तेव्हा वरच्या कापडाचे दोन्ही धागे बाजूला उचलून धरायचे आणि खालचा एक, म्हणजे तीन. नक्षीत रंग बदलतो तिथे खालचं कापड वर येतं आणि वरचं खाली जातं, म्हणून तिथे एकाचे तीन आणि तिनाचा एक होतो. विषम कार्डांत एक आणि सम कार्डांत तीन असेल तर ती जमीन. उलट असेल तर नक्षी.

वाळू का दिसत होती ते कळलं. मी विणीचे धागे बघत होतो, त्यातून रंग बघायचा असतो.

मामांच्या ओट्यावरच बसून चार ओळींचा बदल केला. आठ जागांच्या ओळीचे बरोबर दोन गट पडतात, चार आणि चार. पन्नास ओळींतून नक्षीची शंभर घरं, एक्कावन्नावी ओळ किनारीसाठी. उभ्यात चार कार्डांचं एक घर, म्हणजे २०८ घरं. शंभर बाय दोनशे आठ. प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर मोराचा पिसारा आला. अर्धाच. मान, तुरा, एक डोळा, पिसाऱ्याची उजवी बाजू, खाली वेलबुट्टी. मामा हसले. उरलेला अर्धा कार्डात नसतो. हुकांना खाली दोऱ्या बांधतानाच अशा बांधतात की डावीकडे तीच नक्षी आरशासारखी उलटी पडते. अर्ध्या मोराच्या कार्डात पूर्ण मोर.

मी चित्र उलटं करून शेजारी जोडलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "ही माझी नाही," म्हणाले, "पण हात चांगला आहे."

२८ जानेवारी, मंगळवार

रविवारच्या पद्धतीचा आणखी एक फायदा आज लक्षात आला. एका घरासाठी चार कार्डं आहेत आणि चारही एकच गोष्ट सांगतात. एखादं कार्ड वेगळं सांगत असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय. माहितीत मुद्दाम पुनरुक्ती ठेवून चूक पकडायची युक्ती रिचर्ड हॅमिंगनं १९५० मध्ये गणितात मांडली. इथे ती कापडाच्या रचनेतच आहे. न जुळणाऱ्या जागा शोधल्या तर त्या बहुतेक सगळ्या गड्डीच्या एकाच टोकाला निघाल्या, जिथे उंदरांनी कडा कुरतडल्यात. शेजारच्या तीन कार्डांवरून चौथ्यातली भोकं भरून काढली. ठिगळांच्या यादीतल्या जागाही याच रीतीनं सुटल्या. दुरुस्त केलेल्या जागा वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यात, मूळ वाचन तसंच राखलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहिला. व्ही. शांताराम, १९४६. दिग्दर्शनही त्यांचं, कोटणीसांची भूमिकाही त्यांचीच. संगीत वसंत देसाईंचं. लहानपणी शाळेनं दाखवला होता तेव्हा फक्त युद्ध लक्षात राहिलं होतं. आज दुसरंच काही मनाला लागलं. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये या गावात जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, वय ३२. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून मी रोज ऑफिसला जातो. माझं वय त्यांच्याहून जास्त झालंय. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ज्या पुस्तकावर चित्रपट बेतलाय ते इंग्रजीत आहे, तेही शोधून वाचायचं.

चित्रपट संपल्यावर सवयीप्रमाणे त्याचा पट्टा काढला. हा माझा जुना छंद: चित्रपटातून ठरावीक अंतरानं चौकटी उचलायच्या, प्रत्येकीचा सरासरी रंग काढायचा आणि ते रंग एकाखाली एक लावायचे. पूर्ण चित्रपट एका उभ्या पट्टीत दिसतो. रंगीत चित्रपटात छान दिसतंच, पण हा कृष्णधवल, त्यामुळे फक्त उजेड-अंधार. पट्टीवर बोट ठेवून प्रसंग ओळखता येत होते. जिथे रात्र, तिथे काळोख सलग उतरलेला.

आणि मग सुचलं. उजेड आणि अंधार. दोन रंग. २०८ ओळी. सोलापूरच्या मुलाचा चित्रपट सोलापूरच्या चादरीत विणता येईल. चित्रपटाला प्रकाशनानंतरच्या साठ वर्षांचं संरक्षण होतं, ते २००६ अखेर संपलंय, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चित्रपटाचे २०८ सारखे भाग केले, प्रत्येकाचा सरासरी उजेड काढला. आता करडा रंग चादरीत नाही, लाल किंवा पांढरा एवढंच. मधल्या छटा ठिपक्यांच्या दाटीनं दाखवाव्या लागतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारख्या. फ्लॉइड-स्टाइनबर्गची १९७६ ची पद्धत आधी वापरली. ती एका घराची चूक शेजारच्या घरांत वाटून टाकते. फोटोला उत्तम, पण इथे किड्यांसारख्या वळवळत्या रेषा उमटल्या आणि आरशाची जोड मधोमध उठून दिसली. बायरचा ८ बाय ८ चा तक्ता, ज्यात कुठलं घर किती उजेडाला पांढरं करायचं ते आधीच ठरलेलं असतं, तो घेतला तर ठिपके ओळीनं पडले, आणि ते विणीला शोभले.

मामांना छापून दाखवलं. त्यांनी काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "एवढी मोकळी जागा सोडू नको. पिशवी होते."

दुहेरी कापडाची दोन अस्तरं फक्त जिथे अदलाबदल होते तिथेच एकमेकांत अडकतात. सलग एकरंगी जागा मोठी ठेवली तर तिथे दोन्ही कापडं सुटी राहतात, आत हात घालता येईल अशी पोकळी होते. धुताना फुगते, ओढताना फाटते. म्हणून जुन्या चादरींत मोराच्या मागची जमीन कधी रिकामी नसते, बारीक बुट्ट्यांनी भरलेली असते. मी आजवर ती सजावट समजत होतो, आणि शोभेसाठी ती आहेही, पण ती कापड शिवतेसुद्धा. आपल्या गावातल्या वस्तूबद्दल एवढी साधी गोष्ट कळायला मला कार्ड वाचावं लागलं, मामांजवळ बसावं लागलं.

उपाय सोपा निघाला. उजेडाची पातळी एक अष्टमांशाच्या खाली आणि सात अष्टमांशाच्या वर जाऊ द्यायची नाही. मग गडद रात्रीतही दर आठ घरांत एक पांढरा ठिपका येतोच. पट्टी थोडी फिकी झाली, कापड मात्र टिकेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

कारखान्यात जाऊन आलो. गड्डी परत दिली आणि सोबत मोराचा छापील कागद. मालकांनी तो कार्यालयात काचेखाली लावला. नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला कार्ड लागत नाही, प्रत्येक हुकासाठी छोटं विद्युतचुंबक आहे आणि नक्षी पेनड्राइव्हवरून जाते. ही पद्धत १९८३ मध्ये बोनास कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. कोटणीस पट्टी विणायची का, विचारलं. मालक म्हणाले, एखाद्या बीमचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, ताणा संपत आला की शेवटचा हातभर भाग नमुन्याला देऊ. हुकांची संख्या तिथे वेगळी आहे, त्यामुळे रुंदी नव्यानं बसवावी लागेल. त्यांनी यंत्राची माहितीपुस्तिका फोनवर पाठवली.

मामाही आले होते. यंत्राच्या आवाजात काही बोलता येत नव्हतं. त्यांनी वरून सुटणाऱ्या दोऱ्यांच्या जुडग्याला हात लावला आणि मला बोटांनी दाखवलं: चार, एक, तीन.

२३ फेब्रुवारी, रविवार

फाइलींची व्यवस्था लावली. नक्षी साध्या पीबीएममध्ये ठेवली. हा मजकुराचाच प्रकार, वर रुंदी-उंची आणि खाली शून्य-एक. कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी डोळ्यांनी वाचता येईल. सोबत मराठीत एक माहितीपत्र: किती हुकांचं यंत्र, एक-तीनचा नियम, आरसा कुठे, कोणती कार्डं कुरतडलेली, काय भरून काढलं. हा नियम फाइलमध्ये लिहिलेला नसेल तर पुढच्या माणसाला पुन्हा वाळूच दिसेल.

इंटरनेटवर टाकावं का, यावर आठवडाभर विचार केला. सध्या नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक आहे, पण तो नावाचं रक्षण करतो, एकेका नक्षीचं नाही. ही नक्षी कुणीतरी ग्राफवर रंगवली, कुणीतरी पाडली, आणि कारखान्यानं त्याचे पैसे मोजले. मालकांची लेखी संमती येईल तेव्हा. वाचायचा प्रोग्रॅम आणि उजेडाच्या पेटीची मापं मात्र आजच मोकळी केली, ज्याच्या माळ्यावर गड्डी असेल त्यानं वापरावीत.

दुसऱ्या एका कारखान्यातून निरोप आला, त्यांच्याकडे पाच गड्ड्या आहेत आणि महिनाअखेरीस जागा रिकामी करायची आहे. त्या एका ओळीत १२ जागा असणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ५१ गुणिले १२, ६१२ जागा. बाइटचा हिशेब तिथे बसत नाही, जाळी बदलावी लागेल. पण १२ ला चारानं भाग जातो, त्यामुळे ती दुहेरी कापडाची असतील तर मामांचा नियम तसाच चालेल. खुंट्यांचं अंतर उद्या मोजून घ्यायचं, आणि टेम्पो सांगायचा.